ग्राफातली चूक तिची, म्हणून ग्राफ तिचा

मागच्या रविवारी दुपारी भाची आली ती ओली छत्री दारात न ठेवता तशीच आत घेऊन आली, त्यावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. बायकोने चहा टाकला तोवर भाचीने बॅगेतून एक प्रिंटआउट काढून माझ्यासमोर आपटला. "मामा, आकृती तीन बघ." बघितलं. एक ग्राफ होता, आडव्या रेषेखाली इंग्रजीत टेम्परेचर लिहिलेलं, फक्त त्या स्पेलिंगमधला मधला 'ए' गायब. "तो 'ए' मी खाल्लाय," ती म्हणाली, "दीड वर्षापूर्वी, रात्रीच्या लोकलच्या घाईत. ग्राफ माझा, रीडिंग्ज माझी, चूकसुद्धा माझी, आणि पेपरवर नावं पाच जणांची, त्यात मी नाही. मी कुठे, तर खाली आभारात."

ती मुंबईतल्याच एका लॅबमध्ये पीएचडी करते, कुठल्या ते सोडा. ती माझ्याकडे आली कारण मी पोटापाण्यासाठी रिसर्च पेपरांचं कॉपीएडिटिंग करतो, आधी अंधेरी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात बसून आणि आता घरी बसून. मी सायंटिस्ट नाही, पण पेपराच्या शेवटी ती जी बारीक टायपातली रेफरन्सची यादी असते ना, जी बाकी कुणी वाचत नाही, ती मी गेली कित्येक वर्षं ओळ न ओळ वाचतोय. त्यामुळे या श्रेयाच्या भांडणांबद्दल मला माझी अशी काही मतं झालीत, आणि तिला त्या दिवशी जे सांगितलं तेच जरा पसरून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, लोकांना वाटतं शास्त्रज्ञ नावासाठी भांडतात म्हणजे अहंकार, एवढे शिकलेले लोक आणि शाळेतल्या पोरांसारखं 'हे मी आधी सांगितलं होतं' काय करतात. पण बघा, पेपर छापला म्हणून शास्त्रज्ञाला कुणी मानधन देत नाही, उलट बऱ्याच जर्नलांना त्यालाच पैसे मोजावे लागतात. त्याची कमाई म्हणजे त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी वापरलं आणि वापरताना नाव घेतलं, यालाच सायटेशन म्हणतात. नोकरी, प्रमोशन, ग्रँट, पुढचे विद्यार्थी, सगळं त्यावर लटकलेलं. म्हणजे नाव गाळणं हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, दुकानदाराच्या उधारीच्या वहीतून आपली नोंद गुपचूप खोडण्यासारखं आहे ते. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, सायटेशन म्हणजे कागदावरचं तेच, फरक इतकाच की इथे त्या हात लावण्याचे मार्क मोजले जातात.

आणि भांडणं एका प्रकारची नसतात. एक म्हणजे 'आधी कोण', दुसरं म्हणजे 'नाव कुठे आणि कितवं', आणि तिसरं, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही पण माझ्या मते सगळ्यात घातक, ते म्हणजे नाव घेतलंय बरोबर पण तोंडी जे घातलंय ते त्या माणसाने कधी म्हटलंच नव्हतं.

'आधी कोण' हे भांडण जुनंच. जर्नलं नव्हती तेव्हा लोकांनी काय काय युक्त्या केल्यात! गॅलिलिओने १६१० मध्ये शनीकडे दुर्बीण लावली, काहीतरी विचित्र दिसलं, खात्री नव्हती पण दुसऱ्याने आधी जाहीर केलं तर काय ही भीतीही होती, म्हणून त्याने शोधाचं लॅटिन वाक्य घेतलं, त्याची अक्षरं विस्कटली आणि तो घोळ पत्रातून पाठवून दिला. म्हणजे उद्या कुणी दावा केला तर हा म्हणणार, अक्षरं जुळवून बघा, मी आधीच सांगितलंय. गंमत अशी की केप्लरने ती अक्षरं जुळवायचा प्रयत्न केला आणि त्यातून मंगळाला दोन चंद्र आहेत असं वाक्य काढलं, जे गॅलिलिओने म्हटलंच नव्हतं. मंगळाला खरंच दोन चंद्र निघाले, १८७७ मध्ये, पण तो निव्वळ योगायोग. मला हा किस्सा आवडतो कारण श्रेय राखून ठेवणं आणि चुकीचं उद्धृत करणं दोन्ही एकाच पत्रात आलंय.

मग न्यूटन आणि लाइब्निझ. न्यूटनने कॅल्क्युलसचं मुख्य काम १६६५-६६ च्या सुमारास केलं आणि फडताळात ठेवून दिलं, लाइब्निझने स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचून १६८४ मध्ये छापलं. पुढे आरोप झाले की लाइब्निझने चोरलं, तो तक्रार घेऊन लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला, सोसायटीने १७१२ मध्ये समिती नेमली, आणि सोसायटीचा अध्यक्ष कोण, तर न्यूटन. समितीचा अहवाल बहुतांशी न्यूटननेच लिहिला, निकाल अर्थात न्यूटनच्या बाजूने, आणि कळस म्हणजे त्या अहवालाचं परीक्षण सोसायटीच्याच जर्नलमध्ये निनावी छापून आलं, तेही न्यूटननेच लिहिलेलं. पक्षकार, जज आणि पेपरवाला तिन्ही एकच! आज सगळे मानतात की दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं. आणि बारावीला आपण जे डीवाय बाय डीएक्स घोकलं ते चिन्ह लाइब्निझचं, न्यूटनचं नव्हे. इंग्लंडातल्या गणितवाल्यांनी मात्र हट्टाने न्यूटनचीच पद्धत धरून ठेवली आणि शंभरेक वर्षं युरोपच्या मागे पडले.

आता आपल्या जवळचं. गेटवेला गेलात की तिथे जुनी यॉट क्लबची इमारत आहे, कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी आपण आज जी टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, बघतो ती १९६२ ची, त्याआधी संस्था या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे १९५२ ते ५५ एक केरळी तरुण काम करत होता, ई. सी. जी. सुदर्शन. तिथून तो अमेरिकेत रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे पीएचडीला गेला आणि १९५७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, किरणोत्सर्गाच्या एका प्रकारामागे जे वीक फोर्स नावाचं बल असतं त्याचं गणित कुठल्या साच्यात बसतं ते त्याने मार्शाकबरोबर काढलं. त्याला व्ही मायनस ए थिअरी म्हणतात, आत काय आहे ते मला विचारू नका. त्या वर्षीच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये हे मांडलंच गेलं नाही, विद्यार्थ्याला कोण बोलू देणार. मग कॅलिफोर्नियात गेलमान यांच्यासमोर त्यांनी ते सांगितलं, सप्टेंबरात इटलीतल्या परिषदेत वाचलं, आणि ते छापून यायचं ते त्या परिषदेच्या जाडजूड वृत्तांतात, जो मोजक्यांच्याच हातात पडतो. दरम्यान फाइनमन आणि गेलमान या दोन दादा लोकांचा त्याच विषयावरचा पेपर १९५८ च्या जानेवारीत बड्या जर्नलमध्ये आला, आणि जगाने थिअरी त्यांच्या नावावर लावली. सुदर्शन आणि मार्शाक कुठे? आभारात. हे सांगितल्यावर भाची पहिल्यांदा जरा हसली.

फाइनमन यांचा मोठेपणा असा की पुढे १९६३ मध्ये त्यांनी जाहीर कबूल केलं की शोध सुदर्शन आणि मार्शाक यांचा, आम्ही दोघांनी फक्त त्याची जाहिरात केली. पण तोवर पाठ्यपुस्तकं छापून झालेली असतात हो. सुदर्शन यांच्या नशिबी हे पुन्हा आलं, प्रकाशाच्या क्वांटम सिद्धांतावरचं २००५ चं नोबेल ग्लाउबर यांना मिळालं आणि त्या क्षेत्रात जे सूत्र दोघांच्या नावाने ओळखलं जातं त्यातले एक सुदर्शन, त्यांनी नोबेल समितीला पत्र लिहून हरकत घेतली, काही उपयोग झाला नाही. २०१८ मध्ये ते गेले.

याला एक नाव आहे, मॅथ्यू इफेक्ट, म्हणजे ज्याचं नाव आधीच मोठं त्याच्याच खात्यावर आणखी श्रेय जमा होतं. १९६८ मध्ये रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे मांडलं, एकट्याच्या नावावर. आणि पाच वर्षांनी स्वतःच लिहिलं की यातला बराच कच्चा माल हॅरिएट झुकरमन यांच्या मुलाखतींमधून आलेला होता, पेपर खरं तर दोघांच्या नावाने यायला हवा होता. श्रेय कसं मोठ्याकडे जातं हे सांगणाऱ्या पेपराचंच श्रेय मोठ्याकडे गेलं. पुढे त्या दोघांनी लग्न केलं, पण तो हिशोब वेगळा.

आता नाव कितवं, याचं. हे समजायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे आपली लग्नपत्रिका. आजोबांचं नाव कुठे, काकांचं आधी की आत्याच्या यजमानांचं, निमंत्रकांत कोण, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' मध्ये कुठली पोरं, आणि एक जरी मोठा काका गळला तर तो लग्नाला येऊन जेवतो पण पुढची दहा वर्षं बोलत नाही. पेपरचंही अगदी असंच. जीवशास्त्र, रसायन, मटेरियल वगैरेत पहिलं नाव म्हणजे ज्याने रात्री जागून काम केलं तो, शेवटचं नाव म्हणजे ज्याची लॅब, ज्याचा पैसा तो गाईड, आणि मधले म्हणजे मधले. गणितात आणि पार्टिकल फिजिक्समध्ये सरळ आडनावाच्या अक्षरक्रमाने नावं लावतात, तिथे पहिला असण्याचा अर्थ फक्त एवढाच की तुमचं आडनाव 'ए'ने सुरू होतं. हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा पेपर ३३ पानांचा होता, त्यातली मजकूर वगैरेची पानं ९ आणि उरलेली २४ नुसती नावं आणि संस्था, एकूण ५,१५४ लेखक. विरारच्या फास्ट लोकलला एवढी माणसं चढतात.

पत्रिकेसारखं आणखी एक म्हणजे चौकातला फ्लेक्स. गणपतीत बघा, वर्गणी काढणारी, मांडव बांधणारी पोरं खाली स्टॅम्पच्या आकारात आणि ज्यांनी एक दिवस येऊन नारळ फोडला त्यांचा फोटो सगळ्यात मोठा. लॅबमध्येही डिपार्टमेंटच्या हेडचं नाव 'द्यावंच लागतं' अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे, याला गिफ्ट ऑथरशिप म्हणतात. आणि मानाच्या जागा तर मोजक्याच, मग कुणाचं तरी नाव खाली सरकतं आणि शेवटी आभारात जातं.

रोझालिंड फ्रँकलिन यांची गोष्ट बहुतेकांना अर्धवट माहीत असते. डीएनएचा तो प्रसिद्ध एक्स-रे फोटो, ५१ नंबरचा, त्यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्याने १९५२ मध्ये काढला. १९५३ च्या जानेवारीत सहकारी विल्किन्स यांनी तो डीएनएची रचना शोधत असलेल्या वॉटसनला दाखवला, फ्रँकलिन यांना न विचारता. त्यांची आकडेवारी असलेला एक अंतर्गत अहवालही वॉटसनचा जोडीदार क्रिक याच्यापर्यंत पोहोचला. २५ एप्रिल १९५३ च्या नेचरमध्ये तीन पेपर लागोपाठ आले, पहिला वॉटसन-क्रिकचा, तिसरा फ्रँकलिन-गॉस्लिंगचा, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार की फ्रँकलिन यांचं काम म्हणजे पहिल्या पेपराला मिळालेला दुजोरा, आणि घडलं होतं उलटं, त्यांच्या आकड्यांवर तो पहिला पेपर उभा होता. वॉटसन-क्रिक यांनी नाव घेतलंच नाही असं नाही बरं का, घेतलंय. शेवटी एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की किंग्ज कॉलेजच्या मंडळींच्या, म्हणजे विल्किन्स, फ्रँकलिन वगैरेंच्या, अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाची आम्हाला कल्पना होती आणि त्याने चालना मिळाली. 'सर्वसाधारण स्वरूपाची कल्पना'! माझ्या धंद्यातला माणूस हे वाक्य वाचून ओळखतो की हे तोलून मापून, वकिलासारखं लिहिलंय. डीएनएच्या रचनेचं नोबेल १९६२ चं, फ्रँकलिन १९५८ मध्येच वयाच्या ३७ व्या वर्षी गेलेल्या, आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत, त्यामुळे 'त्यांचं नोबेल हिरावलं' हे जे फॉरवर्डमध्ये येतं ते तितकंसं बरोबर नाही. हिरावलं गेलं ते जिवंतपणी, त्या एका वाक्यात.

जोसलिन बेल यांचं वेगळं. १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडी करताना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर, मैलोगणती लांब पट्टी, त्यातला चिमूटभर वेडावाकडा भाग त्यांनी हेरला आणि सोडला नाही, तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा, निघाला. पेपरवर त्यांचं नाव दुसरं, पहिलं गाईड ह्यूइश यांचं, आणि १९७४ चं नोबेल ह्यूइश आणि राइल यांना. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल, त्यांनी यावर उघड टीका केली. बेल स्वतः मात्र म्हणत आल्या की विद्यार्थ्यांना नोबेल देणं योग्य नाही, जबाबदारी गाईडची असते. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं ते सगळं त्यांनी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकलं. मला त्यांचं ते म्हणणं पटत नाही, पण त्यांना ते म्हणायचा हक्क आहे, मला नाही.

आणि काही वेळा भांडणसुद्धा होत नाही, नुसतं दुर्लक्ष. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि ते विषच शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं, जंतू गाळून टाकला तरी विष काम करतं. नेचरमध्ये छापून आलं तरी वर्षानुवर्षं फारसं कुणी विचारलं नाही, जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेलवाल्याने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, आणि तरीही १९८५ मध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडे त्यांचं नाव किती लोकांना ठाऊक होतं?

आता माझ्या खास विषयाकडे येतो, चुकीचं उद्धृत करणं. व्हॉट्सॲपवर कुणीही चार ओळी जुळवतो आणि शेवटी 'तुका म्हणे' लावतो, झाला अभंग. तुकोबांचं नाव तर घेतलं, श्रेय तर दिलं, मग चुकलं कुठे? चुकलं असं की ते तुकोबा बोललेच नव्हते. पेपरांत हे रोज होतं आणि पुढे एकजण दुसऱ्याचं बघून उतरवतो.

हे उतरवणं पकडायची एक झकास युक्ती लॉस एंजेलिसच्या दोन संशोधकांनी २००३ च्या आसपास वापरली. फिजिक्समधला एक गाजलेला पेपर घेतला, त्याला तोवर ४,३०० जणांनी साइट केलेलं. त्यातल्या १९६ जणांनी रेफरन्स लिहिताना काहीतरी चूक केली होती, खंड किंवा वर्ष किंवा पान. आता विचार करा, १९६ माणसांनी मूळ पेपर समोर ठेवून लिहिलं असतं तर प्रत्येकजण आपापल्या परीने वेगळा चुकला असता. पण वेगवेगळ्या चुका निघाल्या फक्त ४५, आणि एकच चुकीचा पान नंबर तब्बल ७८ वेळा. ७८ लोक योगायोगाने एकाच आकड्यावर घसरत नाहीत, शाळेत सर ओळखायचे ना, एकाच बाकावरच्या दोघांची एकच चूक म्हणजे कॉपी. यावरून त्यांनी अंदाज काढला की साइट करणाऱ्यांपैकी साधारण २० टक्के लोकच मूळ पेपर उघडून बघत असावेत. अंदाजच आहे, त्यावर वाद घालता येतो, पण मी ज्या याद्या बघतो त्यावरून मला तो आकडा जराही जास्त कडक वाटत नाही.

याहून भारी म्हणजे एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांना रेफरन्स कसा लिहायचा हे दाखवायला नमुना म्हणून एक बनावट पेपर दिला होता, सायंटिफिक लेख लिहिण्याची कला अशा काहीतरी नावाचा, वर्ष २०००. असा पेपर अस्तित्वातच नाही. तरी जवळजवळ ४०० लेखांमध्ये तो रेफरन्स म्हणून सापडला, कारण लोकांनी टेम्प्लेटमधला नमुना पुसलाच नाही. घर भाड्याने देताना 'येथे नाव लिहा' असंच पाटीवर राहावं तसं. आणि हे चॅटबॉटच्या आधीचं बरं का, आता तर माझ्याकडे अशा याद्या येतात की लेखक खरा, जर्नल खरं, आणि पेपर शोधायला गेलं की त्या पानावर दुसरंच काहीतरी.

हे सगळं हसण्यावारी न्यावं असं वाटतं, पण १९८० चं एक पत्र ऐका. अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये संपादकाला पत्र छापून आलं, अवघी पाच वाक्यं. त्यात म्हटलं होतं की हॉस्पिटलात भरती असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूच्या जातीची वेदनाशामकं दिली, त्यात आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त ४ जणांना व्यसन लागल्याची नोंद सापडली. बस. हॉस्पिटलात, नर्सच्या नजरेखाली, थोड्या दिवसांसाठी. पुढे १९९० च्या दशकात घरी घ्यायच्या नव्या ओपिऑइड, म्हणजे अफूच्याच जातीच्या, गोळ्या बाजारात आल्या आणि या पाच वाक्यांचा जणू मोठा अभ्यास झाला, 'व्यसन क्वचितच लागतं हे सिद्ध झालंय, बघा हा रेफरन्स'. २०१७ मध्ये काही संशोधकांनी हिशोब केला, त्या पत्राला ६०८ वेळा साइट केलं होतं, त्यातल्या ७२ टक्क्यांनी व्यसन लागत नाही याचा पुरावा म्हणून, आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी हे रुग्ण हॉस्पिटलातले होते हे सांगितलंच नाही. एक शब्द गाळला, 'भरती'. अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनाने केवढा हाहाकार झाला ते आपण वाचलंय, त्याला फक्त हे पत्र कारणीभूत नाही, कंपन्यांचं मार्केटिंग होतं, डॉक्टर होते, पण सगळे ज्या खुंटीवर कोट टांगत होते ती खुंटी ही होती. जर्नलने शेवटी त्या पत्रावर इशाऱ्याची टीप चिकटवली. ३७ वर्षांनी.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. एकदा एका पेपरात वाक्य होतं, अमुक औषधाने सूज कमी होते, रेफरन्स १४. काहीतरी खटकलं म्हणून १४ नंबरचा पेपर उघडला, तर त्यात स्वच्छ लिहिलेलं की फरक पडला नाही. आम्ही अशा वेळी मार्जिनमध्ये लेखकाला प्रश्न टाकतो, त्याला ऑथर क्वेरी म्हणतात, मी अगदी नम्रपणे लिहिलं की कृपया तपासावे, मूळ निष्कर्ष उलट दिसतो. दोन दिवसांनी उत्तर आलं, तीन शब्द, 'आहे तसं ठेवा'. ठेवलं. मला बदलायचा अधिकार नसतो. तो पेपर आता कुठेतरी कुणाच्या तरी यादीत रेफरन्स ९ किंवा २२ असेल.

भाचीला खरं तर हे सगळं नको होतं, तिला हवं होतं की आता करायचं काय. तर नियम आहेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे निकष सगळ्यात जास्त वापरले जातात, लेखक कुणाला म्हणायचं, तर ज्याने कल्पनेत किंवा डेटात किंवा विश्लेषणात भरीव काम केलं, आणि लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग घेतला, आणि अंतिम मसुद्याला मान्यता दिली, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेतली. चारही हवेत. इथेच गाईड लोक गोम काढतात, 'तिने लिहिण्यात कुठे भाग घेतला?' अहो, तिला मसुदा दाखवलाच नाही तर ती भाग कसा घेणार! आणि त्याच नियमात पुढे स्पष्ट म्हटलंय की लिहिण्याची संधीच न देऊन कुणाला लेखकपदातून बाद करता येणार नाही. ही ओळ कुणी वाचत नाही, मी तिला पिवळ्या मार्करने रंगवून दिली. हल्ली बरीच जर्नलं कुणी काय केलं याचा तक्ताही मागतात, १४ प्रकारच्या भूमिका असतात त्यात, कल्पना कुणाची, प्रयोग कुणाचा, ग्राफ कुणी काढले वगैरे. चांगली सोय आहे, पण भरतो तो तक्ता गाईडच.

यूजीसीचे २०१८ चे नियम तिला आधी आठवले, साहित्यचोरीचे, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये थिसिस सुधारून परत द्यायचा, ४० ते ६० मध्ये वर्षभर परत देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. पण ते सॉफ्टवेअर शब्द मोजतं. ग्राफ उचलला तर साम्य शून्य टक्के, कल्पना उचलली तरी शून्यच, आणि एखादीने आपल्याच मेथडचं वर्णन दोनदा सारखं लिहिलं की लाल. जर्नलकडे तक्रार केली तर बहुतेक वेळा ते म्हणतात की लेखकांचा वाद आम्ही सोडवत नाही, तुमच्या संस्थेने चौकशी करावी. आणि संस्थेत चौकशी कोण करणार, तर ज्यांच्या फ्लेक्सवर तो मोठा फोटो आहे तेच. न्यूटनची समिती आठवली की नाही?

म्हणून मी तिला म्हटलं, आधी तारखा गोळा कर. मूळ फाइल कधीची, मेल कधी पाठवलीस, लॅबच्या वहीत कुठल्या पानावर रीडिंग्ज आहेत, आणि तो गायब 'ए', त्याचा स्क्रीनशॉट, तोच तुझा सगळ्यात चांगला साक्षीदार. मग गाईडला भांडून नाही, साधी मेल, आकृती तीनचा डेटा माझा आहे, लेखकांच्या यादीत दुरुस्ती करता येईल का. दुरुस्ती छापतात, तिला करिजेंडम म्हणतात, नामुष्की वगैरे काही नसते. तिने माझ्याच टेबलावर बसून मेल लिहिली, चार वेळा खोडली. पाठवली सोमवारी. बुधवारी उत्तर आलं की पुढच्या पेपरला फर्स्ट ऑथर करू, यावर नंतर बोलू. नंतर म्हणजे कधी ते लिहिलेलं नाही.

काल रात्री तिने थिसिसचं दुसरं प्रकरण पाठवलं, मामा रेफरन्स तेवढे बघ. बघितले. ३७ नंबरला एक १९९८ चा पेपर होता, पान ४१२. मी जर्नलच्या साइटवर गेलो तर तो पेपर सुरू होतो पान ४२१ वर. सहज म्हणून तोच पेपर आणखी कुणी साइट केलाय ते चाळलं, तीन ठिकाणी पान ४१२. फोन लावला, म्हटलं, ३७ नंबर तू वाचलायस का?

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "पीडीएफ आहे का तुझ्याकडे?"